डॉक्टरबाईंचे शेटजी

"शेटजी उठले का?"

धुळ्याच्या त्या दवाखान्यात नोकरीच्या पहिल्याच सकाळी डॉक्टरबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मला वाटलं, दवाखान्याचे मालक कुणी शेटजी असतील आणि वरच्या मजल्यावर राहत असतील. मी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि अदबीनं म्हणाले, "मी अजून त्यांना पाहिलं नाही, मॅडम."

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की बाळंतिणींच्या खोलीतली दोन पोरं दचकून रडायला लागली. मग त्यांनी मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथे खिडकीपासून लांब, भिंतीत पक्क्या बसवलेल्या कडप्प्याच्या फळीवर एक पांढरं चपटं यंत्र होतं. वर बाळ निजेल एवढी खोलगट ताटली, पुढे काळी काच आणि काचेत लाल आकडे.

"हे आमचे शेटजी," बाई म्हणाल्या. "बटण दाबलं की लगेच काम सांगायचं नाही. जरा वेळ बसू द्यायचं. गादीवर नीट टेकल्याशिवाय शेटजी पहिलं गिऱ्हाईक घेतात का?"

तो बाळांचं वजन करायचा डिजिटल काटा होता. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नर्सिंग शिकताना मी दांडीचा काटा वापरला होता, झोळी टांगायचा स्प्रिंगचा काटाही वापरला होता. पण आकडे स्वतःच सांगणारा काटा पहिल्यांदाच पाहत होते. बाईंनी तो मुंबईला विकत घेतला होता. एस.टी.नं येताना त्याला धक्के बसू नयेत म्हणून स्वतः जाऊन, रात्रभर मांडीवर घेऊन आणला होता, असं दवाखान्यातली मावशी सांगायची. बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "छे! मांडीवर कशाला? शेजारच्या सीटचं तिकीट काढलं होतं." यात थट्टा किती आणि खरं किती, ते मला आजही ठाऊक नाही.

बाई मूळच्या जळगावच्या. राजस्थानातून येऊन तिथे स्थिरावलेलं जैन व्यापारी घराणं, बाजारपेठेत वडिलांचं धान्याचं दुकान. पाच भावंडांत या एकट्याच डॉक्टर झाल्या. लग्न केलं नाही, जळगावात दवाखाना काढला नाही, धुळ्याला आल्या. का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. म्हणाल्या, "जळगावात मी अमक्याची मुलगी. इथे मी मी." आणि हातातलं पोह्याचं ताट रिकामं करून पुढच्या पेशंटकडे गेल्या. बाई पोहे नेहमी उभ्यानंच खायच्या. केसपेपरही उभ्यानं लिहायच्या. त्यांची खुर्ची पेशंटबरोबर आलेल्या म्हाताऱ्यांसाठी असायची.

उंच, सडसडीत बांधा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात स्लीपर. आवाज मात्र असा की वऱ्हांड्याच्या टोकाला बसलेल्या माणसालाही आपल्या नातवाला जुलाब कशानं झाले ते कळावं. त्या तीन भाषा बोलत. माझ्याशी आणि केमिस्टशी शहरी मराठी, फोनवर भावांशी मारवाडी आणि पेशंटशी अहिराणी. मी दीपनगरची, वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलेली. वडील तिथे फिटर. आमच्या वसाहतीत अर्ध्या महाराष्ट्राचे लोक, त्यामुळे बोली अशी आम्हाला नव्हतीच. सुरुवातीला खेड्यातल्या बायका बोलायला लागल्या की मी नुसती मान हलवायची. बाईंनी एक दिवस पकडलंच मला.

"ती काय म्हणाली?"

"बाळ दूध ओढत नाही म्हणाली."

"ती म्हणाली, बाळाचे बाबा भाकरी आणायला गेलेत. सिस्टर, समजलं नाही तर परत विचारायचं. मान हलवायची नाही. तुझ्या मानेवर लोक भरवसा ठेवतात."

परत विचारायला मी तिथे शिकले. अहिराणीही शिकले, पुढे इतकी की आईला माझी बोली ऐकून हसू यायचं.

बाईंचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे 'अंदाजे' हा शब्द. 'अंदाजे दोन चमचे', 'अंदाजे पहाटे ताप आला' असं कुणी म्हटलं की त्यांच्या भुवया वर जायच्या. "अंदाज आमटीत मीठ घालताना," त्या म्हणायच्या. भाजीवाल्यानं मेथीची जुडी अंदाजानं बांधली तरी त्यांना चालायचं, त्यात त्यांना काही वाटत नसे. पण मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची दिवसाला मूठभर तीळ भरतील एवढीच वाढ होते आणि तेवढ्यावरच सगळं ठरतं. "तिथे माझा डोळा चालत नाही, तुझाही चालत नाही. तिथे शेटजीच पाहिजेत. आणि शेटजींवर लक्ष ठेवायला आपण पाहिजे."

हे लक्ष ठेवणं म्हणजे रोजचा सोहळा असे. शेटजींना जाग आली, आकडे शून्यावर स्थिरावले की बाई कपाटातून एक पितळी वजन काढत. एक किलोचं, वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं. हातानं कधी उचलायचं नाही, फडक्यात धरूनच, कारण हाताचा घाम लागतो. ते ताटलीच्या मधोमध ठेवायचं. आकडा बरोबर आला तर बाई म्हणत, "दुकान उघडा." आला नाही तर त्या बाजूचं एक बटण दाबून धरत, पडद्यावर काही अक्षरं लुकलुकत, मग वजन ठेवून काट्याला पुन्हा शिकवायचं की बाबा रे, याला किलो म्हणतात.

"माझे वडील पाडव्याला दुकानातली सगळी वजनं चिंचेनं घासून घ्यायचे," त्या सांगत. "मग एकमेकांशी ताडून पाहायचे. मला म्हणायचे, गिऱ्हाईक भावासाठी भांडेल, मालासाठी भांडेल, पण वजनावर तो आंधळा विश्वास टाकतो. म्हणून तिथे डोळे आपले उघडे पाहिजेत."

शेटजींचे नखरेही पुष्कळ होते. कूलरचं वारं ताटलीवर आलं की आकडे नाचायला लागायचे, म्हणून ऐन मे महिन्यात, धुळ्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, वजनाच्या वेळी कूलर बंद. आम्ही घामानं निथळत उभ्या आणि बाई शांत. वीज कमी-जास्त झाली की आकडा घसरायचा, मग तारेचं जोडणं काढून नवे सेल घालायचे. एकदा आत लाल मुंग्या शिरल्या होत्या. ग्लुकोजचे चार थेंब सांडले होते, त्यांचा माग काढत त्या थेट शेटजींच्या पोटात गेल्या. बाईंनी खालची झाकणी उघडली, नाडी बघावी इतक्या हळुवारपणे एकेक मुंगी कुंचल्यानं बाहेर काढली, आणि मावशीला फर्मावलं, "हिंग आण."

आणखी एकदा आकडा काही केल्या शून्यावर येईना. चार ग्रॅम, सहा ग्रॅम, पुन्हा चार. बाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली, मला आणि मावशीला बाहेर काढलं. दाराच्या फटीतून बघते तो बाई श्वास रोखून काट्यासमोर उभ्या! मग एकदम ओरडल्या, "सापडला!" फळीशेजारच्या आडपडद्याच्या किनारीचा एक उसवलेला दोरा ताटलीला टेकत होता. तो दोरा त्यांनी कात्रीनं कापला, कागदावर चिकटवला आणि बाहेर बसलेल्या सगळ्या बायकांना दाखवला. कुणाला काही कळलं नाही, पण बाईंचा आनंद पाहून सगळ्या हसल्या.

अशा या काट्यानं एकदा बाईंना फसवलं. म्हणजे बाईंच्या शब्दांत सांगायचं तर, बाईंनीच काट्याला फसवलं.

पारोळ्याकडच्या एका खेड्यातून रेखा नावाची मुलगी आली होती. पहिलंच बाळंतपण, दिवस भरायच्या बरेच आधी झालेलं. मुलगी झाली होती. इतकी लहान की मावशीनं तिला ओंजळीतच घेतलं. आमच्याकडे लाकडी पेटीत दिवे बसवून केलेली उबेची सोय होती, त्यात तिला ठेवलं. रेखा दूध काढून द्यायची आणि मी ते बोंडल्यानं थेंब थेंब पाजायची. बरोबर रेखाची सासू होती. ठसठशीत कुंकू, हातभर गोठ-पाटल्या, बोलणं धारदार. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. अक्कांचा नातीवर भारी जीव. पेटीच्या काचेला नाक लावून बसायच्या.

सुरुवातीचे दिवस छान गेले. बाळ थोडं उतरलं, मग सावरलं आणि रोज थोडं थोडं वाढायला लागलं. बाई आकडा मोठ्यानं वाचत आणि रेखा आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐके. आकडा वाढला की तिचा चेहरा उजळायचा.

आणि मग आकडा थांबला.

एक दिवस थांबला, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा. तिसऱ्या दिवशी थोडा खाली. बाईंनी किलोचं वजन ठेवून पाहिलं, बरोबर होतं. सेल बदलले, तरी बरोबर. काटा खरा होता. म्हणजे बाळच वाढत नव्हतं.

बाईंनी बाळाचं रक्त तपासायला दिलं, ताप पाहिला, पोट पाहिलं. सगळं ठीक. मग त्या रेखाला म्हणाल्या, त्यांच्या त्या नेहमीच्या ठाम आवाजात, "दूध कमी पडतंय. जास्त वेळा काढ. पोटभर जेव. झोप." त्यांना रागवायचं नव्हतं, पण आवाजच तसा. वऱ्हांड्यात सगळ्यांना ऐकू गेलं.

अक्कांनी ते उचललं. "तिनं दूध पानी शे, पानी," त्या शेजारच्या बाईला सांगायच्या, रेखाला ऐकू जाईल असं. "पोर वाढस नही. काय करशी अशा दूधले?" रेखा वाटी घेऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. पहिल्यांदा वाटी अर्धी भरत होती. मग तळाशीच उरायला लागली. चिंतेनं दूध आटतं हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. इथे ते रोज सकाळी, आकडा वाचून झाल्यावर, डोळ्यांसमोर घडत होतं.

एका सकाळी अक्का पिशवी भरूनच उभ्या राहिल्या. "डाक्तरबाई, आमी पोरले घर लई जातस. घर म्हैस शे. म्हशीनं दूध देसूत."

"म्हशीचं दूध या बाळाला पचणार नाही, अक्का. घरी नेलं तर हे बाळ जगणार नाही," बाई स्पष्ट म्हणाल्या.

"आनि आठे जगी का?" इथे तरी जगेल का, असं अक्कांनी विचारलं.

बाईंनी केसपेपर उघडून थांबलेले आकडे पुन्हा पाहिले. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, "आजचा दिवस थांबा. उद्या नाशिकला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं का ते ठरवते."

दुपारी मी बाळाचे कपडे बदलत होते. मावशीनं तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली होती, लिंबाला बसेल एवढी. ती घालायला गेले तर कानापर्यंत येईना. मी ओढून पाहिली. शिवणीचे टाके ताणले गेले.

"मावशी, ही टोपी गरम पाण्यात धुतली का? आटली."

"पाण्यातच घातली नाही अजून," मावशी म्हणाली.

बाई दारातून चालल्या होत्या, त्या थबकल्या. "काय म्हणालीस?"

"टोपी बसत नाही, मॅडम."

बाईंनी टोपी हातात घेतली, उलटी केली, बाळाच्या डोक्यावर धरली. मग कपाटातून मोजपट्टी काढून डोकं मोजलं, केसपेपरवरचा आधीचा आकडा पाहिला, पुन्हा मोजलं.

"डोकं वाढलंय," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम मोठ्यानं, "अगं, डोकं वाढलंय! मग वजन कसं वाढत नाही? टोपी किंवा शेटजी, दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. आणि टोपीला खोटं बोलता येत नाही."

त्यांनी पंखा बंद करायला लावला. किलोचं वजन ताटलीच्या मध्यात ठेवलं. बरोबर किलो. काढून परत ठेवलं. बरोबर किलो. बाई कमरेवर हात ठेवून शेटजींकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बाळाला ठेव. रोज ठेवतेस तसंच ठेव."

मी ठेवलं. बाईंनी आकड्याकडे पाहिलंच नाही. त्या बाळाकडे बघत होत्या. "आधी ही कशी निजायची?"

"मुटकुळं करून. मधोमध."

"आणि आता?"

आता ती पाय सोडून, ताणून निजत होती. डोकं ताटलीच्या वरच्या टोकापर्यंत पोचलं होतं.

"उचल तिला," बाई म्हणाल्या आणि पितळी वजन फडक्यात धरून मध्यावर न ठेवता, जिथे बाळाचं डोकं होतं तिथे ठेवलं.

आकडा किलोच्या बराच खाली येऊन थांबला. शंभर ग्रॅमच्या आसपास फरक. आमच्या बाळाला तेवढं वाढायला कितीतरी दिवस लागले असते.

बाईंनी ताटली उचलली. तिच्या वरच्या टोकाखाली, यंत्राच्या कडेवर, पुठ्ठ्याची एक जाड घडी होती. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, फुगून टम्म झालेला. बाळ त्या टोकाला निजलं की ताटली पुठ्ठ्यावर टेकायची आणि बाळाचा थोडा भार काट्यावर न येता पुठ्ठ्यावर जायचा. वजन मध्यात ठेवलं तर ताटली टेकायची नाही, म्हणून रोजच्या तपासणीत सगळं बरोबर यायचं. आणि गंमत अशी, की बाळ जितकं वाढत होतं, जितकं लांब होत होतं, तितका काटा तिला कमी दाखवत होता.

बाई त्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या. "हा मी ठेवलाय," त्या म्हणाल्या. "ताटली खडखडत होती ना, म्हणून. तेव्हा पातळ होता, कशाला लागत नव्हता. ताटली पुसता पुसता ओल लागून फुगला."

मला वाटलं, आता त्या पुठ्ठा टोपलीत टाकतील, काटा ठीक करतील आणि उद्या सकाळी खरा आकडा वाचतील. कुणाला कळलंही नसतं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वासही टाकला होता.

बाई पुठ्ठा हातात घेऊन तशाच बाहेर गेल्या. बाळंतिणींच्या खोलीत सगळ्या खाटा भरलेल्या, त्यांच्या सासवा, आया, नणंदा. रेखा भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाई तिच्या खाटेसमोर उभ्या राहिल्या.

"रेखा, आठे देख."

रेखानं मान वळवली.

"चूक मनी शे. तुनी नही. तुना दूधनी तं नहीच नही." आवाज तोच, नेहमीचा. तो वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत पोचला. "हाऊ पुठ्ठा मीच ताटलीखाल ठेया. त्यामुळे काटा खोटं बोलना. तुनी पोर वाढी ऱ्हायनी. तुना दूधवर वाढी ऱ्हायनी."

रेखाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, इतके दिवस ऐकलेलं एका वाक्यात कसं पुसलं जाणार?

उठल्या त्या अक्का. आणि त्यांनी आपल्या व्हवूसाठी, सुनेसाठी, डॉक्टरबाईंना जे धुवायला सुरुवात केली! इतला दिस मनी व्हवूले रडाडं, शिकेल-सवरेल बाई तुमी, एक पुठ्ठा तुमले दिसना नही, पोरले मी घर लई गयतू तं काय व्हतं! मी मध्ये पडायला गेले, बाईंनी हातानंच थांबवलं. मान खाली न घालता त्या ऐकत उभ्या राहिल्या. अक्कांचा दम सरला तेव्हा म्हणाल्या, "बठ्ठं खरं शे, अक्का."

अक्का मटकन खाटेवर बसल्या. राग गेला तसा त्यांच्यातला जोरही गेला. "मना पहिला आंडोर असाच गया," आपल्या पहिल्या मुलाबद्दल त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता. "रोज देखू तं बारीक, अजून बारीक. मनी सासूनी मालेच बोल लाया. म्हने, तुनं दूधच खोटं." मग त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आनि मी बी हिले तेच बोलनू."

रेखानं सासूकडे पाहिलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं, ते तिच्या नजरेवरून कळत होतं.

बाईंनी अक्कांना हाताला धरून उठवलं. "चला. तुम्हीच ठेवा बाळाला काट्यावर. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्या दुपारी आतल्या खोलीत एवढी गर्दी पहिल्यांदाच झाली. अक्कांनी किलोचं वजन मध्यात ठेवलं, डोक्याकडे ठेवलं, पायाकडे ठेवलं. बाईंनी फडक्यात धरायला सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही. बाईंनीही ते चालवून घेतलं. प्रत्येक वेळी आकडा एकच. मग अक्कांनी नातीला ताटलीत निजवलं आणि हात मागे घेतला. लाल आकडे वर चढले, थोडे डगमगले, थांबले.

बाईंनी आकडा वाचला. मागच्या चांगल्या दिवसापेक्षा कितीतरी पुढे. म्हणजे काटा थांबला होता तेव्हाही ती रोज वाढतच होती. मावशीनं दोन्ही हातांनी बाळाची दृष्ट काढली. रेखा दाराला टेकून उभी होती. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच तिची चोळी ओली झाली.

दूध काही एका दिवसात पूर आल्यासारखं आलं नाही. पण वाटीचा तळ झाकला, मग वाटी अर्धी झाली. अक्का आता वाटी घेऊन स्वतः आमच्याकडे यायच्या आणि ती तिरकी करून दाखवायच्या, "देखा, कितलं शे ते!"

बाईंनी ही गोष्ट लपवली नाही एवढंच नाही, ती जिथे तिथे सांगितली. जळगावला डॉक्टरांची एक बैठक होती, मला त्या बरोबर घेऊन गेल्या होत्या. नव्या यंत्रांची सगळे स्तुती करत होते. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या एका पुठ्ठ्यानं एका आईचं दूध आटवलं होतं." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वजन मध्यात ठेवून भागत नाही, चारी बाजूंना ठेवून पाहा, म्हणाल्या. चहाच्या वेळी एक वयस्कर डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, असं चारचौघांत सांगू नये. पेशंटचा विश्वास उडतो."

"कुणाचा उडाला?" बाईंनी बिस्किट चहात बुडवत विचारलं. "त्या म्हाताऱ्या अक्कांनी गावातून आणखी तिघींना माझ्याकडेच पाठवलंय."

पुढे काही वर्षांनी मी लग्न होऊन भुसावळला गेले, सरकारी नोकरी लागली. बाईंशी पत्रव्यवहार नव्हता, त्यांना पत्र लिहायला बसायचा कंटाळा. कधी धुळ्याला गेले तर भेटायची. त्या मला खुर्ची द्यायच्या आणि स्वतः उभ्या राहून तासभर बोलायच्या. नंतर गुडघे दुखायला लागले तेव्हाही भिंतीला टेकून उभ्याच. हल्लीच्या नव्या मुलींना मी काही शिकवते तेव्हा त्यांचाच आवाज माझ्या तोंडून निघतो, आणि मुली दचकतात.

पण बाई आठवल्या की मला रेखा घरी गेली तो दिवस आठवतो. थंडीचे दिवस होते. रेखाचा नवरा कुणाचा तरी टेम्पो घेऊन आला होता. मागे रिकाम्या गोण्या, पुढे त्याच्या शेजारी एकाच माणसाची जागा. बाळंतपणाला रेखाला आणलं तेव्हा अशा जागेवर अक्काच बसल्या असणार, हे सांगायला नको. बाळाला तीन पदरी गुंडाळून मी बाहेर आणलं. बाई हातात कागद घेऊन रेखाच्या नवऱ्याला सूचना देत होत्या, ऊन कधी दाखवायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, परत कधी यायचं. तो बिचारा हातातली टोपी चुरगाळत हो हो म्हणत होता.

रेखा सवयीनं टेम्पोच्या मागच्या बाजूला वळली आणि पाय वर टाकायला लागली.

"व्हय बाजूले," अक्का म्हणाल्या.

त्यांनी रेखाला मागे सारलं, पुढचं दार उघडलं आणि सीटवर आपली घडीची चादर पसरली. रेखा बघतच राहिली. अक्कांनी तिला दंडाला धरून आत बसवलं, माझ्या हातातून बाळ घेतलं, तिच्या मांडीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. मग लुगडं वर खोचून, बाईंच्या खांद्याचा आधार घेऊन त्या मागे चढल्या आणि गोण्यांवर पिशव्यांच्या मध्ये ऐसपैस बसल्या.

टेम्पो सुरू झाला. अक्कांनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली.

"चाल रे. पन हळू चालाड. पुढे मनी व्हवू बसेल शे."